मोठ्या पडद्यावरचं वांगं

ये गं, इकडे ये. लांबून मान हलवू नकोस, इथे माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. कानातलं ते काढ. दोन्ही कानांतलं. आधी तुला रागावणार आहे मी, मग सगळं सांगणार आहे, आणि शेवटी कदाचित माझाच कान मला धरावा लागेल. पण ते शेवटी.

तू पुण्याला, मी इथे कुवेतमध्ये, फिंतासला, म्हणून हे लिहावं लागतंय. तरी तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहिते आहे, तेव्हा मधेच उठून जायचं नाही.

काय गं, आजीच्या लॅपटॉपमध्ये तो पेंग्विन बसवून दिलास, पाठीला सॅक लावलीस आणि गेलीस कॉलेजला. जाताना म्हणालीस काय, तर "आजी, नथिंग विल गो राँग." आणि ज्या शुक्रवारी सगळंच्या सगळं राँग गेलं, त्या दिवशी तुझा फोन बंद! तीनदा लावला मी. परीक्षा होती म्हणे. असेल. पण आजीला पेंग्विनच्या हवाली करून परीक्षेला बसणारी नात मी दुसरी पाहिली नाही.

तुला आठवतंय ना, तो लॅपटॉप म्हणजे तुझ्या बाबांचा जुना. चालू करायला घेतला की मी चहा टाकायची, चहा उकळायचा, गाळायचा, पिऊन व्हायचा, आणि तो अजून गोल गोल फिरतोय. तू सुट्टीत आलीस, त्याच्याकडे बघून नाक मुरडलंस आणि एका दुपारी त्यात लिनक्स टाकलंस, तेच ते पेंग्विनचं चित्र असलेलं. मी आपली शेजारी बसून लसूण सोलत होते. मला वाटलं, आता गेला हा कामातून. पण दुसऱ्या दिवशी चहाचं पाणी तापायच्या आत उघडला! मी तुझ्या आजोबांना हाक मारून दाखवला. ते म्हणाले, "माणसांसाठी काही निघालंय का असं?"

आणि तू मला ती निळी वही करून दिलीस. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंस: घाबरायचं नाही, आणि समोर काय लिहून आलंय ते आधी वाचायचं. मी दहावीपर्यंत शिकलेली, चिपळूणकडची. इंग्रजी शिकले ती इथे आल्यावर, दुधाच्या डब्यांवरचं आणि औषधांच्या खोक्यांवरचं वाचून. मला कोणी काही शिकवलेलं नाही, बघून बघून शिकले सगळं, शिवणसुद्धा. त्यामुळे वही पाहून मला वाटलं, हे काय, हेही येईल. आणि आलंच. रेसिप्या बघायच्या, जुनी भावगीतं लावायची, मराठीत टाइप करायचं. दोन वर्षं पेंग्विनचं आणि माझं छान चाललं होतं.

आता जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, ती नर्स. तू तिला पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर आली ती. खालच्या मजल्यावर चार मुली मिळून राहतात, त्यातली एक. मला भेटली ती आपल्या खालच्या बकाल्यात, किराणा दुकानात. दुकानदाराला हिंदीतून शेपू समजावून सांगत होती. तो बिचारा केरळचा, एकदा कोथिंबीर पुढे करतोय, एकदा पुदिना. मी मागून म्हटलं, "अगं, शेपू इथे नाही मिळायचा, माझ्याकडे आहे, बाल्कनीत लावलाय." तिने वळून असं पाहिलं की मी जणू तिच्या गावची एसटीच घेऊन आले आहे. लातूरकडची आहे. नवरा पुण्याला कंपनीत, आणि पाच वर्षांची मुलगी तिच्या आईकडे, गावी. इथे येऊन दीड वर्ष झालं. त्या दिवसापासून मी काकू आणि माझ्या बाल्कनीतला शेपू अर्धा तिचा.

जानेवारीत लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. ही जाणार होती. तिकीटसुद्धा पाहून ठेवलं होतं. रजेचं काही जमलं नाही. ती काही रडली-बिडली नाही माझ्यासमोर, फक्त त्या दिवशी शेपू न्यायला आली आणि न नेताच गेली.

मग मार्चमध्ये तिच्या हॉस्पिटलातली दुसरी एक मुलगी सुट्टीवरून परत आली. तिच्याबरोबर हिच्या आईने पार्सल दिलेलं: शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची डाळ, आणि चटणीच्या पिशवीत, कागदात गुंडाळून, एक पेन ड्राइव्ह. गॅदरिंगचा अख्खा नाच त्यात. फोनवर पाठवून बघितला होता तिच्या भावाने, पण तो इतका पुसट गेला की भेंडी कोण आणि मिरची कोण कळेना. हो, भाज्यांचा नाच होता. आणि आपली ही लेक वांगं होती.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या पाच वर्षांच्या बाईने अट घातली. फोनवर आईला बजावून सांगितलं, "मी नसताना बघायचा न्हाई. मी फोनवर तुझं तोंड बघणार, अन् तू मोठ्या टीव्हीवर मला बघ." आणि ही आई, आठ दिवस पेन ड्राइव्ह उशाखाली घेऊन झोपली, पण बघितला नाही हो नाच. मी म्हटलं, "थोडासा बघून घे, तिला काय कळतंय." तर म्हणते, "तिला कळतंय काकू. माझ्या आवाजावरून तिला समदं कळतंय."

खोलीवर त्यांच्याकडे टीव्ही नाही. मग मी छाती पुढे काढून सांगितलं, "शुक्रवारी चार वाजता माझ्याकडे ये. माझा लॅपटॉप टीव्हीला जोडते, त्यावर नाच लावू, आणि तुझ्या फोनवर लेक." आपल्याकडे चार म्हणजे तिकडे साडेसहा. पोरगी आठला जेवून झोपते. आणि हिची रात्रपाळी, साडेपाचला खाली बस येते न्यायला. म्हणजे मधला दीड तासच काय तो. तो हुकला तर पुढची सुट्टी दहा दिवसांनी. आणि तिकडे त्या लेकराने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं की शुक्रवारी माझी मम्मी कुवेतमध्ये माझा नाच बघणार.

कळलं आता, मी फोन का लावत होते?

शुक्रवारी तुझे आईबाबा सकाळीच वफ्र्याला गेले, शेतावरून टोमॅटो आणि काकड्या आणायला. घरात मी आणि आजोबा. जेवणं आटोपली, एक वाजला, म्हटलं आधीच लावून पाहावं. पेन ड्राइव्ह ती सकाळीच देऊन गेली होती. त्याला लसणाचा असा वास, की लॅपटॉपला लावला तर आजोबा आतून ओरडले, "आत्ताच तर जेवलो, परत काय फोडणीला टाकलंस?"

नाच बघायचा नव्हता मला, फक्त चालू होतोय का ते पाहायचं होतं, तेही एका डोळ्याने. फाइलवर टिचकी मारली. टाळ्या ऐकू आल्या. कोणी बाई माइकवरून नावं पुकारत होत्या. आणि चित्र? काळं. कुट्ट काळं! मधे एक चौकट उगवली, मी ती घाईघाईने बंद केली, कारण हल्ली कुठेही गेलं की काहीतरी विकायला चौकटी येतच असतात. परत लावलं. परत आवाज, परत काळोख, परत चौकट, परत बंद. चार वेळा केलं गं मी हे.

आजोबा आले. ते जन्मभर हॉस्पिटलात एक्स-रेची यंत्रं सांभाळलेले, त्यांना बिघाड दिसला की हात शिवशिवतात. त्यांनी टीव्हीची वायर काढली, फुंकली, परत घातली. मग लॅपटॉप उलटा करून स्क्रू मोजले.

"मागचं झाकण काढून बघू का?"

"हात लावू नका! आवाज येतोय ना? मग जीव आहे त्यात."

"आवाज आहे आणि चित्र नाही म्हणजे नळीत गेलं काहीतरी."

"अहो, यात नळी नसते!"

मग तुला फोन लावला. बंद. तुझ्या बाबांना लावला, तो वफ्र्याला कुठल्या काचघरात होता कोण जाणे, उचलला नाही. परत तुला, दोनदा. बंद. तेव्हा मी सोफ्यावर बसून मोठ्याने म्हणाले, "हे सगळं त्या पेंग्विनमुळे! आधीचं होतं ते हळू होतं, पण चित्र तरी दाखवत होतं." आणि तुला दोन शब्द बोलले. काय ते लिहीत नाही.

रागारागात वही काढली. पहिलं पान. समोर काय लिहून आलंय ते आधी वाचायचं.

अस्सं, म्हटलं. चष्मा लावला, परत नाच लावला, आणि चौकट आली तशी येऊ दिली. बोट ठेवून वाचली. ती काही विकत नव्हती गं! ती बिचारी मगापासून हात जोडून सांगत होती की हे चित्र उलगडायला एक कोडेक लागतो, तो या मशीनमध्ये नाही, शोधून आणू का? म्हणजे भावाचा फोन नवीन, त्याने चित्र नव्या पद्धतीने घडी घालून ठेवलेलं, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला ती घडी उलगडता येत नव्हती. एवढंच! पैठणी आली आहे, पण पेटीची किल्ली नाही. मी म्हटलं, आण बाई, लवकर आण, आणि 'हो' दाबलं.

तर म्हणे, इंटरनेट नाही.

वर कोपऱ्यात ती पंख्यासारखी खूण असते ना वाय-फायची, तिच्यावर प्रश्नचिन्ह. ते जायचं, यायचं, जायचं. आता मला आठवलं, गेले पंधरा दिवस घरात हेच चाललं होतं. तुझी आई स्वयंपाकघरात उभी राहून ऑफिसचे कॉल घ्यायची, मला वाटायचं सून माझ्या सोबतीला येते. तुझ्या बाबाने कंपनीच्या माणसाला फोन केला होता, तो म्हणाला, लाइन एकदम ठीक आहे. आणि आपल्या हॉलमध्ये फोनची रेंज नाही, तुला माहीतच आहे, बाल्कनीत जाऊन ओरडावं लागतं. म्हणजे नाचाला किल्ली हवी, ती वाय-फायवरून येणार. लेकीचा फोन लागायला हवा, तोही वाय-फायवरूनच. सगळं त्या एका पंख्यावर अडलेलं. आणि वाजले होते सव्वादोन.

वहीचं सातवं पान: नेट गेलं तर. पहिलं, बंद करून चालू कर. केलं. काही नाही. दुसरं, काळी खिडकी उघड आणि ही ओळ टाइप कर. ओळीच्या सुरुवातीला 'सुडो'. समोर तू कंस करून लिहिलेलं, "याचा अर्थ, घरची मालकीण बोलते आहे." मला ते फार आवडलं. मी ताठ बसून टाइप केलं. त्याने पासवर्ड विचारला. मी दाबायला लागले, तर एक अक्षर उमटेना! ठिपकासुद्धा नाही. जोरात दाबलं, हळू दाबलं. काही नाही.

"अहो, कीबोर्ड गेला!"

आजोबा स्क्रू ड्रायव्हर घेऊनच उभे होते. "मघाशीच म्हणत होतो, झाकण काढू."

ते झाकण उघडणार तेवढ्यात मला सुचलं, दुसऱ्या जागी टाइप करून तर बघू. तिथे अक्षरं भराभर उमटली. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत होता, फक्त पासवर्ड तेवढा तो दाखवत नव्हता, कोणी मागे उभं राहून वाचू नये म्हणून. तोंडावर पदर घेऊन ऐकतो आहे म्हणायचं! हे तू वहीत लिहिलं नव्हतंस. बघ, रागवायला मला एक तरी खरं कारण आहे. मग मी न बघता पासवर्ड घातला, आमटीत मीठ घालते तसा, हाताच्या अंदाजाने. आणि त्याने ऐकलं! मालकीण बोलली आणि त्याने ऐकलं. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

पण पंखा काही भरला नाही. प्रश्नचिन्ह थोडा वेळ गेलं आणि परत आलं.

साडेतीनला दाराची बेल. नर्सबाई आधीच आलेल्या, केस नीट विंचरून, नवीन ओढणी. "लेकरू बघणार ना मला," म्हणाली. हातात डबा, पांढरे बूट पिशवीत, इथूनच ड्यूटीला जाणार होती. माझं तोंड पाहूनच तिला कळलं.

"काकू, ऱ्हाऊ द्या की. कशाला एवढा तरास. तिला सांगते मी काहीतरी."

"काय सांगशील?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"बस तू," मी म्हटलं. "शेपूची भजी केलीत, ती खा. चार वाजायचेत अजून."

आणि सातव्या पानावरची तिसरी ओळ टाइप केली. शेवटचीच होती ती. तिने काय केलं, तर आसपासची सगळी वाय-फाय एकाखाली एक मांडून दाखवली, आणि प्रत्येकापुढे जोर किती ते सांगणाऱ्या उभ्या रेघा. मी बोट ठेवून वाचायला लागले. वरच्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या कुटुंबाचं, अरबी अक्षरांतलं: चार रेघा. समोरच्या दाराचं: तीन. खालचं, ज्याचं नाव मुलांनी काहीतरी वाघ-सिंह ठेवलंय: तीन. आणि आपलं? सर्वांत खाली. एक रेघ. तीही लुकलुकती.

मी दोनदा वाचलं. मिसऱ्यांचं वाय-फाय स्लॅब फोडून खाली येतं चार रेघांनी, आणि आपलं, आपल्याच घरातलं, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायला दमतं? मग यात पेंग्विनचा काय दोष? त्याला वरच्यांचं छान ऐकू येतंय! कान त्याचे शाबूत आहेत. बोलणाराच पुटपुटतोय.

आजोबा म्हणाले, "वरच्यांचा पासवर्ड मागून आणू?"

"शुक्रवारचं जेवून झोपलेत ते. आणि आपलं असताना दुसऱ्यांचं कशाला?"

मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरला, ताट धरतात तसा, आणि निघाले स्वयंपाकघराकडे. मागून आजोबा, त्यांच्यामागून भजं हातात घेऊन नर्स. दर दोन पावलांनी मी ती ओळ परत चालवायची. हॉल, एक रेघ. पॅसेज, एक रेघ. फ्रिजपाशी, दोन. ओट्याशी, दोन. राउटर माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि रेघा दोन!

आता तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. म्हणजे मला ती सांगायची आठवणच नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

तुला माझी सवय माहीत आहे. या गावातली धूळ, आणि मी. मिक्सरला झाकण शिवलंय, टीव्हीला शिवलंय, शिलाई मशीनला तर झालरसुद्धा आहे. या वर्षी फेब्रुवारी संपता संपताच धुळीचं वादळ आलं. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी होता, त्याच्या फटींत बोटभर माती. मी तो पुसला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवला. पण खिडकीत दुपारचं ऊन. तो बिचारा आधीच तापतो. मग मला सुचलं. तुझ्या बाबाच्या गाडीच्या काचेला लावायचा तो चंदेरी पडदा, राईच्या बाजारातून आणलेला, एका बाजूने फाटला म्हणून त्याने टाकून द्यायला काढला होता. मी तो कापला, माप घेतलं, कडेने लाल गोट लावला, खाली नाडी ओढून घेतली. वायरपुरती फट ठेवली. काय सुरेख टोपडं झालं सांगू! बारशाच्या बाळाला घालावं असं. ऊन नाही, धूळ नाही. वरून मी त्याच्यापुढे तांदळाचा आणि पिठाचा स्टीलचा डबा लावून दिला, पडायला नको म्हणून.

किती दिवसांपूर्वी? बरोबर पंधरा.

मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला. डबे बाजूला केले. टोपड्याची नाडी सोडली आणि ते वर उचललं. ओळ चालवली. चार रेघा! वरच्यांच्याही वर, यादीत पहिला नंबर. टोपडं घातलं. दोन. काढलं. चार. परत घातलं, कारण मला मान्य करायचं नव्हतं. दोन.

मागून आजोबांनी घसा साफ केला.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी एक्स-रेच्या खोल्यांना शिशाचे पत्रे लावले, किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून. आणि माझ्या घरात, माझ्या बायकोने, मला न विचारता..."

"पुरे!"

"... लाल गोट लावून!"

नर्स इतकी हसली की भजं घशात अडकलं. मी तिला पाणी दिलं आणि मग मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी ओट्याला धरून हसत होतो आणि आजोबा पत्र्याची जाडी समजावत होते. आणि गंमत म्हणजे, मी त्या पंधरा दिवसांत कितीदा तुझ्या आईला म्हणाले होते, "कंपनी बदला, या कंपनीत काही दम नाही."

चारला दहा कमी. राउटर उचलला, परत हॉलमध्ये टीव्हीशेजारी, उघडाबोडका. लॅपटॉप परत टीव्हीला जोडला. पंखा भरला, प्रश्नचिन्ह गेलं. नाच लावला, चौकट आली, मी तिला "हो बाई, आण" म्हटलं. तिने पासवर्ड विचारला, इथे निदान ठिपके तरी उमटत होते. हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. आम्ही तिघं त्या पट्टीकडे असे बघत होतो, जसं दूध उतू जातंय का बघतात. नर्स ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "चल ग माय, चल." पट्टी संपली. मी परत टिचकी मारली.

रंग! पडद्यावर लाल-पिवळ्या पताका, पाठीमागे फुगे, आणि माइकपाशी उभ्या बाई. मी ताबडतोब थांबवलं आणि दोन्ही हातांनी टीव्ही झाकला. अट म्हणजे अट.

बरोबर चारला फोन लागला. स्पष्ट. तिकडे अंगणात लेक, आजी, मामा आणि गल्लीतली निम्मी पोरं. लेकीने पहिलं विचारलं, "मम्मे, बघितलास का?"

"न्हाई माय. तुझ्याबिगर कशी बघेन?"

"शप्पत?"

"शप्पत."

तेवढ्यात तिला मी दिसले. माझ्या हातात अजून ते टोपडं.

"ती टोपी कोणाची हाय?"

"राउटरची," मी म्हटलं.

तिने जरा विचार केला. "त्याचं पण गॅदरिंग हाय का?"

आजोबा उठून बाल्कनीत गेले, एकटे हसायला.

मी फोन टीव्हीच्या खाली टेकवून ठेवला, आईचं तोंड दिसेल असा, आणि नाच लावला. आधी टोमॅटो आले, मग भेंड्या ओळीने. मग एक जांभळं सॅटिन, वर हिरवी देठाची टोपी, आणि टोपी डोळ्यांवर घसरलेली. वांगं आंधळेपणाने दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि चुकून मिरचीवर. मिरचीने ढकलून दिलं. वांग्याने टोपी वर केली, इकडेतिकडे पाहिलं.

"आता बग! आता माझं येतंय!" फोनमधून ओरडा.

तर वांगं नाच सोडून सरळ स्टेजच्या कडेला आलं. मामाने सांगितलं होतं म्हणे, मम्मी त्या कॅमेऱ्यात आहे. ते खाली वाकलं, कॅमेऱ्यात डोळे घातले आणि सगळ्या शाळेसमोर म्हणालं, "मम्मे, बघ. मी वांगं हाय." मग दोन्ही हात हलवले आणि परत जाऊन मिरचीला ढकललं.

माझ्याशेजारी बसलेली ती मुलगी. हॉस्पिटलात रात्री किती जणांना धीर देते, आणि इथे तिच्या हनुवटीवरून पाणी टपटपतंय आणि तोंडावर हे एवढं हसू.

"मम्मे, रडू नगंस!" फोनमधून हुकूम. "हितं हसायचं असतंय!"

"हसलालेच की गं," ती म्हणाली. "हे बघ. हसलाले."

सहा वेळा पाहिला आम्ही नाच. एकदाही अडकला नाही, फोन एकदाही तुटला नाही. तिसऱ्या वेळेपासून आजोबाही मिरचीला नावं ठेवायला लागले. सव्वापाचला तिने बूट घातले. दारात थांबली आणि ओट्यावरच्या त्या टोपड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, आता ह्याचं काय करणार?"

"काय करणार, माझंच तोंड लपवायला ठेवते."

"मला द्या की. डबा थंडगार होतोय रात्री."

नाडी ओढून डबा त्यात असा फिट बसला, जणू मापच घेतलं होतं. आता रोज तिच्या पोळ्या रात्री एक वाजता गरम असतात. तिच्या वॉर्डातल्या आणखी दोघींनी मागणी केली आहे, आणि तुझ्या बाबाला नवीन पडदा फाडायला सांगणार आहे मी.

तर हे असं आहे. पेंग्विनला मी माफ केलं. म्हणजे त्याने मला माफ केलं असं तू म्हणशील, तर म्हण. तुला जे दोन शब्द बोलले होते ते परत घेते, एक सोडून: पासवर्ड दिसत नाही हे वहीत लिहायला हवं होतंस. मी ते सातव्या पानावर स्वतःच लिहिलं आहे, आणि खाली आणखी एक ओळ: राउटरला काहीही घालू नये, कितीही गोजिरवाणा दिसला तरी.

वहीत आता दोनच पानं कोरी उरली आहेत. आणि चार दिवसांपासून लॅपटॉपवर नवीन चौकट येते आहे. बोट ठेवून वाचली. म्हणते, नवीन आवृत्ती आली आहे, आता घालू की नंतर? मी रोज 'नंतर' दाबते आणि तिला सांगते, थांब, माझी नात येणार आहे. परीक्षा संपली की तिकीट काढ. ऊन कडक व्हायच्या आत ये, बाल्कनीत शेपू आहे तोवर ये. त्या चौकटीला मी किती दिवस थोपवणार?